चूक मैदानात, खटला टीव्हीवर : गेलिक फुटबॉलमधल्या शिस्तीचं गणित

१७ सप्टेंबर २०१७. डब्लिनचं क्रोक पार्क मैदान, ८२ हजारांवर प्रेक्षक, ऑल-आयर्लंड फायनल, म्हणजे आयर्लंडच्या काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) गेलिक फुटबॉल संघांची अंतिम लढत. डब्लिन आणि मेयो बरोबरीत, वाया गेलेल्या मिनिटांची भरपाई चालू, आणि डब्लिनला फ्री किक मिळालेली. डीन रॉक किक मारायला धावतो तेवढ्यात मेयोचा ली कीगन पाठीवरचा, धावण्याची नोंद ठेवणारा जीपीएसचा डबा काढून त्याच्या दिशेने फेकतो. रॉक ढळत नाही, चेंडू दांड्यांच्या मधून जातो आणि डब्लिन एका गुणाने पुढे जातं. आता मेयोच्या गोलकीपरने चेंडू परत खेळात आणायचा. पण कोणाकडे? डब्लिनच्या फॉरवर्डांनी आपापल्या समोरच्या बचावपटूला मिठी मारून जमिनीवर पाडलेलं. डब्लिनच्या किअरान किलकेनीला काळं कार्ड मिळालं (ते काय, ते पुढे येईल). थोड्याच वेळात सामना संपला, कप डब्लिनला.

आयर्लंडमध्ये शिस्तीवर वाद निघाला की हे शेवटचे क्षण हमखास बाहेर येतात. डब्याचा किस्सा हसत सांगतात, मिठ्यांचा चिडून. आणि या दोन्ही गोष्टी इतक्या लोकांच्या लक्षात राहिल्या त्या कॅमेऱ्यामुळे. तेव्हा चाहत्यांची भांडणं समजून घ्यायची तर दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : नियमपुस्तक कशाला शिक्षा देऊ शकतं, आणि टीव्ही काय दाखवतो. या दोहोंच्या मधे जी फट आहे, सगळं भांडण तिथलं आहे.

आधी खेळ, थोडक्यात

प्रत्येक बाजूला १५ खेळाडू. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉल मैदानापेक्षा बरंच मोठं. चेंडू हातात घेता येतो, पण तो घेऊन चार पावलांपलीकडे जायचं तर एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो किंवा पायाच्या बोटांवरून परत हातात उडवावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतात. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे ३ गुण. वरून गेला तर १ गुण, ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात. २०२५ पासून गोलपासून ४० मीटरवर एक कमान आखलेली असते आणि तिच्या बाहेरून मारलेला चेंडू दांडीच्या वरून गेला तर २ गुण मिळतात. धावफलकावर गोल आणि पॉइंट वेगळे लिहितात. २०१७ च्या त्या फायनलचा निकाल १-१७ विरुद्ध १-१६ होता, म्हणजे २० विरुद्ध १९.

शिस्तीच्या दृष्टीने कळीची गोष्ट टॅकल. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं कसं? खांद्याला खांदा भिडवता येतो, तोही बाजूने आणि किमान एक पाय जमिनीवर ठेवून. चेंडूवर उघड्या हाताने थाप मारता येते. समोरून धडक देता येत नाही, धरता येत नाही, ओढता येत नाही. कबड्डीत धरणं हाच खेळ, इथे धरणं हाच गुन्हा. पण माणूस पूर्ण वेगाने येत असताना चेंडूवर मारलेली थाप आणि दंडाला घातलेला हात यांत बोटभर अंतर असतं. त्यामुळे एका रेफ्रीला जो फाउल वाटतो तो दुसऱ्याला उत्तम बचाव वाटतो. ‘सातत्य नाही’ ही चाहत्यांची सगळ्यात जुनी तक्रार यातून येते, आणि माझ्या मते ती कधीच पूर्ण मिटणार नाही, कारण दोष रेफ्रीच्या नजरेत कमी आणि टॅकलच्या व्याख्येत जास्त आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची : हे खेळाडू हौशी आहेत. १८८४ मध्ये टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, आजही खेळाडूंना पगार देत नाही. रविवारी क्रोक पार्कात खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो. त्यामुळे युरोपातल्या क्लब फुटबॉलसारखं ‘दोन आठवड्यांचा पगार कापला’ हे इथे संभवत नाही. पगारच नाही तर कापणार काय? शिक्षा करायची तर हातात एकच नाणं उरतं, खेळू न देणं. म्हणून एका सामन्याच्या बंदीवरून इथे रात्र-रात्र सुनावण्या चालतात.

तीन रंगांची कार्डं

प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना कार्डांची सवय आहे : हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून गच्छंती. गेलिक फुटबॉलमध्ये रंग आणि अर्थ थोडे वेगळे. पिवळं म्हणजे ताकीद. दुसऱ्या पिवळ्याला लाल. काळं कार्ड खास ‘ठरवून केलेल्या’ फाउलसाठी : प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम खाली ओढणं, मुद्दाम पाय किंवा हात घालून पाडणं, चेंडू पुढे देऊन धावणाऱ्याच्या वाटेत मुद्दाम अंग घालणं. काळं मिळालं की दहा मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ चौदा जणांवर खेळतो. आधी पिवळं असताना काळं मिळालं, किंवा काळं भोगून आल्यावर पिवळं मिळालं, तर थेट लाल. लाल मिळालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू येत नाही.

काळं कार्ड आलं कसं, याची गोष्ट कार्डापेक्षा रंजक आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये टिरोन आणि मोनाहन यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस गोलकडे मोकळा सुटला होता. टिरोनच्या शॉन कॅव्हनाने त्याला मागून रग्बीतल्यासारखं पकडून आडवं केलं. शिक्षा? पिवळं कार्ड आणि फ्री किक. टिरोन जिंकलं. आरटीई या आयर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीवर विश्लेषक जो ब्रॉली यांनी त्या फाउलचा भर कार्यक्रमात असा काही समाचार घेतला की बोलता बोलता ते फाउलवरून माणसावर घसरले. दुसऱ्या दिवशी देशात दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं कोणीतरी बोललं. दुसरा म्हणे, पगार न घेणाऱ्या खेळाडूच्या माणूसपणावर टीव्हीवर बोलायचा अधिकार कोणी दिला?

या गदारोळात हरवलेला तपशील असा : काळ्या कार्डाचा नियम त्या वर्षीच्या मार्चमध्येच मंजूर झाला होता, फक्त लागू व्हायचा होता १ जानेवारी २०१४ पासून. म्हणजे कॅव्हनाने जे केलं ते त्या दिवशीच्या नियमांत बसणारा हिशेब होता. गोल गेला तर ३ गुण, फाउल केला तर एक पिवळं आणि बहुधा एक गुण. फाउल स्वस्त असेल तर तो होणारच. ब्रॉलींचा राग खेळाडूवर निघाला, पण किंमत ठरवली होती नियमाने.

पहिली सहा वर्षं काळ्या कार्डाचा अर्थ वेगळा होता. खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर, पण त्याच्या जागी राखीव खेळाडू येई. यात चूक कुठे होती हे २०१६ च्या फायनलच्या फेरलढतीत दिसलं. मेयोचा कीगन, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, पहिल्या अर्ध्यातच काळ्या कार्डावर गेला. डब्लिनचा जॉनी कूपरही गेला. नंतर मेयोचा गोलकीपर रॉब हेनली काळ्या कार्डावर गेला आणि वर पेनल्टीही बसली. डब्लिनने ती फेरलढत एका गुणाने जिंकली. ज्याच्या बाकावर तोडीस तोड राखीव खेळाडू बसलेत त्या संघाला काळं कार्ड जवळपास फुकट, आणि ज्याचा एकच हुकमी खेळाडू आहे त्याला ते जीवघेणं. शिक्षा एकच, पण वजन संघागणिक वेगळं. शिवाय शेवटच्या मिनिटाला या कार्डाला काहीच अर्थ नव्हता. किलकेनीची ती मिठी म्हणजे त्याचा नमुना. २०२० पासून बदली बंद झाली आणि दहा मिनिटांची बाहेरची बैठक आली. पुढे गोलची स्पष्ट संधी गोलजवळ ठरवून मोडली तर पेनल्टीचीही तरतूद झाली.

दहा मिनिटांनीही नवी खोड लावलीच. चौदा जणांवर आलेला संघ वेळ काढायला शिकला. कोणीतरी पोटरी धरून बसतो, गोलकीपर चेंडू शोधत फिरतो, बुटाची नाडी सुटते. घरी बसलेला प्रेक्षक घड्याळ मोजत असतो आणि त्याला वाटतं, दहातली निम्मी मिनिटं अशीच गेली.

सामना संपल्यावर कागद हलायला लागतात

टीव्हीवर रविवारी रात्री जे घडतं आणि समितीत आठवडाभर जे घडतं ते दोन वेगळे खटले असतात. लोक दोन्ही एकच समजतात, म्हणून चिडतात. तर समितीची वाट अशी.

रेफ्री आपला लेखी अहवाल देतो. काउंटी संघांच्या मोठ्या स्पर्धांचा अहवाल केंद्रीय स्पर्धा नियंत्रण समितीकडे जातो, जिला सगळे ‘सीसीसीसी’ म्हणतात. ही समिती शिक्षा ‘प्रस्तावित’ करते. खेळाडूने मान्य केली तर विषय संपला. नसेल मान्य तर तो केंद्रीय सुनावणी समितीकडे जातो. तिथे हरला तर अपील समिती. तिथेही हरला तर शेवटचा दरवाजा म्हणजे वाद निवारण प्राधिकरण, ‘डीआरए’. ते जीएएच्या रोजच्या कारभारापासून स्वतंत्र असलेलं लवाद मंडळ आहे आणि तिथे वकिली भाषा चालते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर निम्मी चिडचिड कमी होते. वरच्या पायऱ्यांवरचा प्रश्न बहुतेक वेळा ‘त्याने मारलं का’ हा नसतो. ‘त्याला शिक्षा देताना प्रक्रिया नीट पाळली का, त्याला आपलं म्हणणं मांडायची पुरेशी संधी मिळाली का’ हा असतो. २०१५ च्या उपांत्य सामन्यात डब्लिनचा डिअर्मुड कॉनली कीगनशी झालेल्या झटापटीत लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. सामना बरोबरीत सुटला, सहा दिवसांनी फेरलढत. सुनावणी समितीने बंदी कायम ठेवली, अपील समितीनेही ठेवली. डीआरएची बैठक फेरलढतीच्या आदल्या रात्री सुरू झाली आणि पहाटे निकाल लागला : बंदी रद्द, कारण प्रक्रिया. कॉनली त्याच दिवशी खेळायला उपलब्ध झाला, आणि ती फेरलढत डब्लिनने जिंकली. मेयोचे लोक आजही म्हणतात, सगळ्या देशाने जे पाहिलं ते कागदाने पुसलं. डब्लिनचे म्हणतात, कागद नीट नसेल तर शिक्षा देऊच नका. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर दुसरं म्हणणं मला जास्त पटतं, पण पहिल्याची तळमळही खोटी नाही.

आता कॅमेऱ्याचा भाग. गेलिक फुटबॉलमध्ये सामना थांबवून रीप्ले पाहणारा तिसरा पंच नाही. चेंडू खांबांच्या मधून गेला की बाहेरून, हे सांगणारं हॉक-आय २०१३ पासून क्रोक पार्कात आहे, पण ते फक्त चेंडूसाठी. फाउलसाठी नाही. मात्र सामन्यानंतर सीसीसीसी चित्रफीत पाहू शकते. पाहिल्यावर ती रेफ्रीला विचारते : हा प्रसंग तू पाहिलास का? रेफ्री म्हणाला, ‘नाही, माझी पाठ होती’, तर समितीचे हात मोकळे. रेफ्री म्हणाला, ‘पाहिला, तेव्हा पिवळं दिलं, आता वाटतं ते कमी पडलं’, तरी मार्ग निघतो. पण रेफ्री म्हणाला, ‘पाहिला, निर्णय दिला, त्यावर ठाम आहे’, तर विषय तिथेच बंद, मग टीव्हीने तो कितीही वेळा दाखवो.

म्हणून कधीकधी उलटं दृश्य दिसतं. हातापायांची हाणामारी साऱ्यांसमोर झाली, रेफ्रीने दोघांना पिवळं देऊन गप्प बसवलं, आणि पुढे काही नाही. तर दुसरीकडे चेंडूपासून ५० मीटरवर दिलेला, कोणाला न दिसलेला एक ठोसा मंगळवारी बंदी घेऊन येतो. चाहत्याला वाटतं, समिती लहरी आहे. समिती लहरी नसते. पहिला प्रसंग रेफ्रीने ‘निकाली’ काढलेला असतो, दुसरा नाही.

कॅमेरा कुठे, न्याय तिथे

आरटीईवर १९७९ पासून ‘द संडे गेम’ हा कार्यक्रम चालतो. रविवारी रात्री दिवसभरातल्या सामन्यांची क्षणचित्रं, दोन-तीन माजी खेळाडू, आणि एखादा वादग्रस्त प्रसंग पडद्यावर गोल करून, मंद गतीने, तीन कोनांतून. चाहत्यांत या प्रकाराला एक टोपणनावच पडलं आहे, ‘संडे गेमचा खटला’. आरोप असा की विश्लेषकांनी ज्यावर बोट ठेवलं त्यावर समिती हलते, बाकीच्यांवर नाही.

समिती टीव्हीच्या सांगण्यावरून वागते हे सिद्ध करणं कठीण आहे. पण त्यापेक्षा साधी आणि जास्त खरी गोष्ट अशी : ज्या सामन्याला जास्त कॅमेरे, त्याच सामन्यात ‘न दिसलेलं’ दिसतं. क्रोक पार्कातल्या मोठ्या लढतीत गोलमागे, बाजूला, वर, सगळीकडे कॅमेरे असतात. लहान काउंटीच्या प्राथमिक फेरीत उंचावर ठेवलेला एखादा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो. तिथे पाठीमागे झालेला ठोसा जगात घडलाच नाही असं होतं. म्हणजे नियम सर्वांना एक असला तरी पकडलं जाण्याची शक्यता एक नाही. नामवंत संघांचे चाहते म्हणतात, आम्हालाच धरता. लहान काउंटीवाले म्हणतात, आमच्या पोराला मारलं त्याचा पुरावा कुठून आणू? दोघांचं म्हणणं एकाच कारणातून निघतं.

मंद गतीचा दोष वेगळाच. किती जोराने मारलं यावर नियमपुस्तक फरक करतं. नुसता झटका वेगळा, जोराने किंवा इजा होईल असा मारणं वेगळं. आणि नेमका जोरच मंद गतीत दिसत नाही. हात संथपणे गालापर्यंत येतो, गाल दबतो, मान वळते, सगळं ठरवून केल्यासारखं वाटतं. खऱ्या वेगात तोच प्रसंग पाव सेकंदाची धुसफूस असतो. उलटही होतं : जोरदार धक्का मंद गतीत गोंजारल्यासारखा दिसतो. एखादा प्रसंग तपासायचा तर आधी खऱ्या वेगात दोनदा पाहावा, मग मंद गतीत एकदा, तोही फक्त ‘स्पर्श कुठे झाला’ एवढं पाहायला. टीव्हीवर हा क्रम नेमका उलटा असतो.

२०१७ चा प्रसंग या सगळ्याचा कळस. ३ जून, शनिवार, डब्लिन विरुद्ध कार्लो. कॉनलीने चिडून लाइन्समनला हात लावला. ढकललं म्हणण्याइतकाही नाही, पण अधिकाऱ्याच्या अंगाला हात हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा १२ आठवडे. रविवारी टीव्हीवर चर्चा झाली. पुढच्या दिवसांत बंदी आली. डब्लिनचे मॅनेजर जिम गॅव्हिन चिडले ते बंदीपेक्षा क्रमावर : चौकशी पुरी व्हायच्या आत माझ्या खेळाडूचं नाव टीव्हीवर खराब केलं, असा त्यांचा मुद्दा. पुढच्या सामन्यानंतर त्यांनी वाहिन्यांना नेहमीची मुलाखत द्यायला नकार दिला.

याच प्रसंगात दुसरा वाद लपला आहे, आठवडे की सामने? ३ जूनपासून १२ आठवडे म्हणजे २६ ऑगस्ट. कॉनलीचे त्यात तीन सामने गेले आणि २७ ऑगस्टच्या उपांत्य सामन्याला तो पुन्हा हजर. हेच १२ आठवडे नोव्हेंबरात सुरू झाले असते तर काउंटीचा एकही महत्त्वाचा सामना बुडाला नसता. हंगाम आखूड असलेल्या खेळात कॅलेंडरवर मोजलेली शिक्षा म्हणजे जुगार. याउलट ‘एक सामना बंदी’ दिसायला छोटी, पण तो सामना फायनल असेल तर? खेळाडू डिसेंबरपासून थंडीत सराव करतो, ज्या दिवसासाठी करतो तोच दिवस जातो. त्यामुळे एका सामन्यासाठीही डीआरएपर्यंत धावणाऱ्यांना मी हसणार नाही.

कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जून २०२२ मध्ये अर्मा आणि गॉलवे यांचा सामना निर्धारित वेळेत बरोबरीत सुटला आणि मैदानाबाहेर जाण्याच्या वाटेवर दोन्ही संघांची झोंबाझोंबी झाली. त्या गर्दीत अर्माच्या पथकातल्या, त्या दिवशी खेळायला न उतरलेल्या एकाने गॉलवेच्या डेमियन कोमरच्या डोळ्यात बोटं घातली. हे थेट प्रक्षेपणात दिसलं. त्या माणसाला २४ आठवड्यांची बंदी झाली. कॅमेरा नसता तर ‘गर्दीत काहीतरी झालं’ एवढंच उरलं असतं. पण त्याच गोंधळात जादा वेळ सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडचा एकेक खेळाडू लाल कार्ड दाखवून बाहेर काढला गेला, त्यांतला एक गॉलवेचा कर्णधार शॉन केली. हेच दोघे का, ते कोणालाच कळेना. पुढे सुनावणीत केलीचं कार्ड रद्द झालं आणि तो उपांत्य सामना खेळला. तीस-चाळीस जणांच्या गर्दीतून दोन नावं उचलायची म्हटली की असंच होणार.

दाखवायचं कोणाला, फुकट की पैसे घेऊन?

प्रक्षेपणावरचा राग फक्त विश्लेषकांवर नाही. २०१४ ते २०२२ काही सामने स्काय या पैसे भरायच्या वाहिनीवर होते. त्यानंतर आरटीई आणि जीएए यांच्या भागीदारीतल्या ‘जीएएगो’ या ऑनलाइन सेवेने २०२३ पासून देशांतर्गत ३८ सामने स्वतःकडे ठेवले. एका सामन्याला १२ युरो, हंगामाला ७९. मे २०२३ मध्ये मुन्स्टर प्रांतातले हर्लिंगचे (जीएएचाच दुसरा, काठी-चेंडूचा खेळ) चुरशीचे सामने या सेवेवरच दिसल्यावर ओरड झाली. इंटरनेट धड नसलेल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं, हा सवाल तेव्हाचे उपपंतप्रधान मिहॉल मार्टिन यांच्यापासून संसदीय समितीपर्यंत पोचला. (तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड. आपला या खेळाशी धागा जुळतो तो एवढाच.) २०२५ पासून आरटीई भागीदारीतून बाहेर पडली आणि सेवा ‘जीएए प्लस’ नावाने एकट्या जीएएची झाली. फुटबॉल आणि हर्लिंगच्या ऑल-आयर्लंड फायनल मात्र कायद्याने सर्वांना फुकट दाखवाव्या लागतात.

याचा शिस्तीशी संबंध काय? सरळ आहे. सामना पैशांच्या भिंतीआड गेला की बहुतेक लोक पूर्ण सामना पाहत नाहीत, फोनवर आलेला काही सेकंदांचा तुकडा पाहतात. त्या तुकड्यात मारणारा दिसतो, आधीची दहा मिनिटं जर्सी ओढणारा दिसत नाही.

आणखी एक तक्रार वरकरणी किरकोळ वाटते, पण खरी आहे. दिग्दर्शक रीप्ले दाखवण्यात रमतो आणि तेवढ्यात किकआउट, म्हणजे गोलकीपरची चेंडू परत खेळात आणणारी किक, मारून होते. २०२५ पासून तर फाउल झालेला खेळाडू शिट्टीची वाट न पाहता स्वतःच चेंडू घेऊन लगेच सोलो करत सुटू शकतो, ‘सोलो अँड गो’. म्हणजे रीप्ले दाखवायला निवांत क्षणच उरला नाही. मंद गतीतून परत यावं तर पडद्यावर चेंडू दुसऱ्याच टोकाला.

मीटरमधली शिक्षा

२०२५ चे हे नवे नियम ज्या समितीने लिहिले तिचे प्रमुख होते जिम गॅव्हिन. तेच, टीव्हीवर रुसलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये खास अधिवेशनात प्रयोग म्हणून मंजूर झालेले नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये कायम झाले. लोकांनी चर्चा केली ती दोन गुणांच्या कमानीची. शिस्तीत सगळ्यात मोठा फरक पाडला तो ५० मीटरने.

फ्री किक दिल्यावर रेफ्रीशी हुज्जत घातली, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला नाही, त्याचा सोलो अडवला, तर किक ५० मीटर पुढे सरकते. मैदान १३० ते १४५ मीटरचं, म्हणजे एका वाक्याच्या उद्धटपणाला एक तृतीयांशाहून जास्त मैदान. किक कमानीच्या आत आली तर संघ ती मागे कमानीबाहेर नेऊन दोन गुणांसाठीही मारू शकतो. रेफ्रीशी बोलायचं फक्त कर्णधाराने. पूर्वी रेफ्रीभोवती सहा-सात जणांचं कडं जमायचं आणि त्याचं काहीच होत नसे, कारण सहा जणांना पिवळं कोण देणार? आता एकाने तोंड उघडलं की सगळ्या संघाला किंमत मोजावी लागते आणि गप्प करायचं काम सोबतीच करतात.

या शिक्षेला कॅमेरा लागत नाही, अहवाल लागत नाही, सुनावणी नाही, वकील नाही. ती तिथल्या तिथे मोजली जाते. मोठ्या काउंटीला आणि छोट्याला, जूनमध्ये आणि नोव्हेंबरात, सारखीच. आधीचे सगळे वाद ज्या फटीतून निघाले ती फट इथे उरतच नाही. गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात हुशार दुरुस्ती आहे असं माझं मत.

चाहत्यांच्या कुरबुरी आहेतच. निराशेने हात वर केले ती हुज्जत का? चेंडू हातातून निसटला की मुद्दाम टाकला? आणि घरी बसलेल्याला तर किक पुढे का सरकली तेच कळत नाही. रग्बीत रेफ्रीचा माइक घरी ऐकू येतो, तसा इथेही नेहमी ऐकवा, ही मागणी मला सगळ्यांत रास्त वाटते. रेफ्रीचा लेखी अहवाल प्रसिद्ध होत नाही, समितीची कारणं सहसा बातमीच्या दोन ओळींत संपतात. अशा वेळी लोकांसमोर उरतो तो फक्त टीव्ही, आणि तो जे दाखवतो तेच घडलं असं ठरतं.

आणि २०१७ ची ती मिठी? ती आज मारली तर काळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. सामना संपायला अर्धं मिनिट उरलं असेल तर खेळाडू बाजूच्या खुर्चीत जाऊन बसेपर्यंत भोंगा वाजलेला असेल.